२१४७४८३६४७ ही संख्या मूळ आहे का? तपासताना या चुका टाळा

दोनाच्या ३१व्या घातातून एक वजा केला की २१४७४८३६४७ ही संख्या मिळते. ती मूळ असल्याचे गणितज्ञ ऑयलर यांनी १७७२मध्येच सिद्ध केले. तरीही स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम तिला संयुक्त ठरवतो, असा अनुभव नवशिक्यांना येऊ शकतो.

याचे कारण बहुधा लूपच्या, म्हणजे प्रोग्रॅममधील पुन्हापुन्हा चालणाऱ्या भागाच्या, अटीत सापडते. विभाजक वर्गमूळापर्यंतच तपासायचे असल्याने ‘विभाजकाचा वर्ग दिलेल्या संख्येहून मोठा होताच थांबा’ अशी अट आपण लिहितो आणि गणिताच्या दृष्टीने ती बिनचूक असते. परंतु जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत पूर्णांकांसाठी असलेल्या ‘इंट’ प्रकारात मावणारी सर्वांत मोठी संख्या नेमकी हीच आहे. ४६३४१चा वर्ग २१४७४८८२८१ येतो, तो त्यात मावत नाही आणि त्याच्या जागी −२१४७४७९०१५ ही ऋण संख्या उरते. त्या प्रकारातील कोणतीच किंमत २१४७४८३६४७हून मोठी नसल्याने लूप थांबतच नाही. शेवटी ती संख्या स्वतःनेच भागली जाते, बाकी शून्य येते आणि निकाल चुकतो. यासाठी वर्ग करण्याऐवजी विभाजकाची तुलना भागाकाराशी करावी, किंवा अधिक मोठ्या संख्या मावणारा ‘लाँग’ प्रकार वापरावा. शिवाय २१४७४८३६४७चा कोणताही मूळ विभाजक २४८ने भागल्यास बाकी १ किंवा ६३च उरली पाहिजे, हे ऑयलर यांचे निरीक्षण वापरले तर जेमतेम पावणेचारशे भागाकार पुरतात.

एक्सेलमध्ये मोठी संख्या टाकू नये. तेथे १५च अंक टिकतात, त्यामुळे दोनाच्या ६१व्या घाताहून एकने लहान असलेली २३०५८४३००९२१३६९३९५१ ही मूळ संख्या शेवटी शून्ये घेऊन उभी राहते.

मला सर्वांत घातक वाटते ती चूक मात्र गणितातलीच आहे. घातांक मूळ असला की दोनाच्या त्या घाताहून एकने लहान असलेली संख्याही मूळ, असे अनेकजण धरून चालतात. पण ११ मूळ असूनही दोनाच्या ११व्या घाताहून एकने लहान असलेली २०४७ ही संख्या २३ × ८९ अशी फुटते. खात्रीसाठी फर्माची कसोटी (पायाचा दिलेल्या संख्येइतका घात त्या संख्येने भागल्यास बाकी पायाइतकीच उरते का, हे पाहणारी) २ हा पाया घेऊन लावली, तर २०४७ तीही उत्तीर्ण होते, आणि हा योगायोग नव्हे: घातांक मूळ असलेली या घराण्यातील प्रत्येक संख्या त्या कसोटीत उत्तीर्ण होतेच, म्हणून येथे त्या निकालाला काहीच अर्थ नाही.

या घराण्यासाठी ल्यूका–लेमर कसोटी वापरावी. ४पासून आरंभ करून दर वेळी वर्गातून २ वजा करायचे आणि दिलेल्या संख्येने भागून बाकी पुढे न्यायची; शेवटी बाकी शून्य आली तरच संख्या मूळ. या फेऱ्या घातांकाहून दोनने कमी, म्हणजे ३१साठी २९ असतात. एक फेरी जास्त झाली तरी मूळ संख्या संयुक्त ठरते. म्हणून आधी ३१ या छोट्या संख्येवर पडताळा घ्यावा: घातांक ५, फेऱ्या तीन, आणि बाक्या १४, ८, ०. त्यानंतर २०४७ घ्यावी. नऊ फेऱ्यांनंतर तेथे १७३६ उरले पाहिजेत.