सर्व्हरमधील कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये हलवण्यापूर्वी: न हलवलेल्या कार्डाचीही नोंद

गेल्या वर्षी मे महिन्यात इंदूरच्या सियागंजातील एका पेढीच्या लिनक्स सर्व्हरमधले चार पोर्टांचे नेटवर्क कार्ड मी वरच्या स्लॉटमध्ये हलवले, कारण खालच्या स्लॉटमध्ये ते शेजारच्या डिस्क-कार्डाला चिकटून फार तापत होते. स्लॉट बदलल्यामुळे लिनक्सने त्याच्या चारही पोर्टांना दिलेली नवी नावे मी लिहून घेतली, पेढीतले संगणक जोडले गेल्याची खात्री केली आणि रात्री रामबागेत घरी परतलो. सकाळी देवास नाक्यावरील गोदामातून एकही बिल निघेना. बाहेरच्या लाइनचे एका पोर्टाचे कार्ड, ज्याला मी हातही लावला नव्हता, त्याचे नाव बदलले होते. ही यादी त्या सकाळीमुळे लिहिली आहे.

बॅकअप, स्थिर वीज उतरवणारा मनगटपट्टा, वीजपुरवठ्याच्या दोन्ही वायरी काढणे याविषयी वेगळे सांगायला नको.

सर्वांत आधी सर्व कार्डांची नोंद करा. केवळ हलवायच्या कार्डाची नव्हे, सर्वांची. प्रत्येक पोर्टाचे सध्याचे नाव, मॅक पत्ता (पोर्टाचा हार्डवेअर पत्ता), एलएसपीसीआय या आज्ञेने दाखवलेला बस-पत्ता (कार्ड सर्व्हरच्या आतल्या कोणत्या मार्गावर, म्हणजे बसवर, आहे तो), प्रत्यक्ष स्लॉट आणि त्यातली केबल स्विचच्या कोणत्या पोर्टात जाते, हे कागदावर हवे, कारण सर्व्हर बंद असताना त्यातली फाइल उघडता येत नाही. दोन पोर्ट बाँडिंगमध्ये, म्हणजे एकच जोडणी म्हणून एकत्र, असतील तर त्यांचा मॅक पत्ता सारखाच दिसतो. म्हणून इथटूल या आज्ञेला मोठ्या पी-चा पर्याय देऊन कार्डाचा कायमचा पत्ता घ्या. शिवाय एलएसपीसीआय बस क्रमांक षोडशमान पद्धतीने दाखवते आणि नावात तो दशमान असतो, त्यामुळे ०ए (दशमान १०) या बसवरील कार्ड ईएनपी१०एस० म्हणून दिसते. येथे घाई केल्यास कागदच चुकीचा होतो.

न हलवलेल्या कार्डाचे नाव का बदलते, हे समजून घेतल्याखेरीज पुढे जाऊ नका. लिनक्समधल्या सेवा सुरू करणाऱ्या सिस्टमडीच्या २०१३ मधील १९७व्या आवृत्तीपासून नेटवर्क पोर्टाला जागेवरून नाव मिळते; फर्मवेअरने (मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रामने) पोर्टाचा किंवा स्लॉटचा क्रमांक कळवला नसेल तर बसच्या क्रमांकावरून. मात्र बसचा क्रमांक स्लॉटवर कोरलेला नसतो. सर्व्हर सुरू होताना फर्मवेअर एकेका ब्रिजमागे (बसला बस जोडणाऱ्या चिपमागे) शिरत ते क्रमांक वाटत जाते. माझ्या चार पोर्टांच्या कार्डावर स्वतःचा ब्रिज होता आणि त्याला एकूण चार बस क्रमांक लागत. ते वाटपाच्या क्रमात पुढे आले आणि मागचे सगळे क्रमांक चारने सरकले. ईएनपी२एस० हे बाहेरच्या लाइनचे कार्ड आपल्या जागेवर राहूनच ईएनपी६एस० झाले. म्हणून पुन्हा सांगतो: जे कार्ड हलणार नाही, त्याचीही नोंद करा.

नोंद झाली की हलवण्याच्या आदल्या दिवशीच नावे मॅक पत्त्याशी बांधून टाका. ईटीसी या मांडणीच्या फाइलींच्या निर्देशिकेतील सिस्टमडीच्या नेटवर्क निर्देशिकेत प्रत्येक पोर्टासाठी डॉट-लिंक (शेवटी .link असलेली) फाइल करावी, तीत कायमचा मॅक पत्ता आणि आपले नाव द्यावे, आणि मग इनिटरॅमएफएस (सुरू होताना सर्वांत आधी चढणारी छोटी फाइलप्रणाली) पुन्हा बांधावी. नाव पंधरा अक्षरांच्या आत ठेवा. ईटीएच० सारखी नावे टाळा, कारण कर्नल स्वतः तीच वाटतो आणि टक्कर होते. येथेही एकच कार्ड बांधून थांबू नका. न हलणारे कार्ड आधी बांधा.

त्यानंतर जुने नाव संपूर्ण ईटीसीमध्ये ग्रेप या शोधाच्या आज्ञेने शोधा. फायरवॉलचे नियम, आयपी पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरची मांडणी, व्हीलॅन (आभासी नेटवर्क), नेटवर्क ब्रिज आणि कोणीतरी लिहून ठेवलेल्या, ठरल्या वेळी चालणाऱ्या क्रॉनच्या स्क्रिप्ट या सर्वांत ते असते. माझे बिल अडले ते फायरवॉलच्या एका नियमात जुने नाव राहिल्यामुळे.

डिस्क-कार्ड हलवत असाल तर एफएसटॅबमध्ये (डिस्क जोडण्याच्या यादीत) एसडीए, एसडीबी अशी नावे ठेवू नका, कारण ती सापडण्याच्या क्रमाने मिळतात. बाय-पाथची, म्हणजे जागेवरून दिलेली, नावेही स्लॉटबरोबर बदलतात. यूयूआयडी, म्हणजे फाइलप्रणालीचा स्वतःचा ओळख-क्रमांक, वापरा.

सोलारिस १० या युनिक्स प्रणालीवर प्रकार निराळा आहे. तेथे पाथ-टू-इन्स्ट या फाइलीत जुन्या जागेचा क्रमांक राखलेला राहतो, म्हणून हलवलेले ई१०००जी० हे पोर्ट नवा क्रमांक घेऊन येते आणि होस्टनेमची जुनी फाइल निरुपयोगी होते. आयबीएमच्या एआयएक्सवर जुना ईएनटी० ‘डिफाइंड’ (नोंद आहे, पण वापरात नाही) अवस्थेत उरतो आणि कार्डाला नवा क्रमांक मिळतो. जुनी नोंद आधी आरएमडेव्ह या आज्ञेने काढा.

हलवण्याच्या दिवशी मॉनिटर आणि कीबोर्ड सर्व्हरला जोडूनच ठेवा. सुरू झाल्यावर कागद आणि आयपी लिंक या आज्ञेचे उत्तर ओळीने ताडून पाहा, न हलवलेल्या कार्डापासून सुरुवात करून. मग मोबाइलच्या इंटरनेटवरून बाहेरून लॉगिन करा, गोदामातून एक बिल काढायला सांगा, आणि ते निघाल्यावरच झाकण लावा.