ओट्यासाठी उष्णता सोसणारा दगड निवडताना या चुका टाळा

नव्या स्वयंपाकघरासाठी स्लॅब बघायला गेलं, की जवळजवळ प्रत्येक नमुन्याबद्दल ‘हीट रेझिस्टंट आहे’ असं सांगितलं जातं. ते सहसा खोटंही नसतं. फक्त किती अंशांपर्यंत आणि किती वेळ, हे कोणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. ओट्यावर गरम भांड्याचा डाग उमटतो किंवा फुगवटा येतो, तेव्हा बहुतेक वेळा दगड जळालेला नसतो. जळलेलं असतं ते त्यातलं रेझिन (चुरा बांधून ठेवणारा प्लास्टिकसारखा पदार्थ), खालचा गोंद किंवा वरचा सीलर (दगडात डाग मुरू नयेत म्हणून लावलेलं द्रावण). म्हणून दुकानात विचारायचा प्रश्न एकच: यात चिकटवण्यासाठी काय वापरलंय?

क्वार्ट्झला अस्सल दगड समजणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. क्वार्ट्झ हे खनिज स्वयंपाकघरातल्या कुठल्याही उष्णतेला दाद देत नाही, पण क्वार्ट्झचा स्लॅब म्हणजे वजनाने साधारण ९० ते ९३ टक्के खनिजाचा चुरा आणि उरलेलं बहुतांश पॉलिएस्टर रेझिन. हे रेझिन साधारण १५० अंश सेल्सिअसच्या पुढे बिघडू लागतं. आता आपली भांडी बघा. उकळत्या पाण्याचं पातेलं १०० अंशांच्या आसपास असतं, प्रेशर कुकरच्या आत सुमारे १२० अंश, तळणीचं तेल १८० च्या जवळ. मोठ्या आचेवर कोरडा तापलेला तवा मात्र २५० च्या वर सहज जातो. पातेलं कितीदा तरी ठेवलं आणि काही झालं नाही, म्हणून एक दिवस तवा ठेवला जातो आणि पिवळट गोल डाग उमटतो.

तो डाग पुसून जात नाही, कारण तो पृष्ठभागावर नसून रेझिनमध्ये असतो. ब्लीच किंवा ओव्हन साफ करायचं तीव्र द्रावण लावू नका, त्याने रेझिनला आणखी इजा होते. डाग हलका असेल तर कारागीर पॉलिश करून तो थोडा कमी करू शकतो, पण तिथल्या चकाकीतला फरक तिरक्या उजेडात दिसत राहतो. वॉरंटीच्या कागदात उष्णतेने झालेलं नुकसान बहुधा वगळलेलं असतं. पैसे देण्याआधी ते कलम वाचा.

ओव्हन टोस्टर किंवा स्लो कुकरसारखी उपकरणं लोक विसरतात. ती तासन् तास एकाच जागी खालून तापवत राहतात. त्यांच्याखाली पाट किंवा जाड फळी ठेवावी. खिडकीतून थेट ऊन येत असेल, तर पांढरा क्वार्ट्झ नुसत्या उन्हानेही पिवळा पडू शकतो.

ग्रॅनाइट आहे म्हटल्यावर निर्धास्त होणं

ग्रॅनाइट तापलेला तवा सोसतो. अडचण एकाच जागी होणाऱ्या तापमानाच्या झटक्याची आहे. दगडातून उष्णता हळू पसरते, त्यामुळे भांड्याखालचा भाग प्रसरण पावतो आणि शेजारचा थंडच राहतो. त्यात कोणी गार पाणी ओतलं आणि तिथे आधीपासून बारीक चीर असली, तर तडा जायला वेळ लागत नाही. स्लॅबच्या पाठीला फायबरची जाळी चिकटवलेली दिसली, तर दगड नाजूक असू शकतो, त्याबद्दल जरूर विचारा.

दुसरी भानगड गडद काळ्या ग्रॅनाइटची. काही स्लॅब रंग देऊन काळे केलेले असतात आणि तो रंग टिकत नाही. पांढऱ्या फडक्यावर थोडं अॅसिटोन घेऊन नमुना पुसा. फडकं काळं झालं तर तो स्लॅब सोडा.

वापरात आलेल्या ग्रॅनाइटवर भांड्याखाली पांढुरका ठसा दिसला, तर आधी सौम्य साबणाने जळका तेलकट थर काढा. ठसा उरलाच तर सीलर गेलेला असण्याची शक्यता जास्त. पाण्याचे थेंब टाकून बघा. थोड्या वेळात दगड तिथे गडद झाला, तर पुन्हा सीलर लावायची वेळ झाली आहे.

संगमरवराला उष्णतेपेक्षा आम्लाचा त्रास मोठा, त्यामुळे तो इथे फारसा विचारात घेऊ नये.

नव्या साहित्याची फक्त एक बाजू ऐकणं

सिंटर्ड स्टोन म्हणजे खनिजांची भुकटी दाबून बनवलेला दगड; तो सुमारे १२०० अंशांवर भाजलेला असतो आणि त्यात रेझिन नसतं. निकष फक्त उष्णतेचा असेल, तर माझं मत यालाच. पण त्याची कड ठिसूळ असते. शिवाय कड जाड दिसावी म्हणून दोन तुकडे कोनात जोडतात, तो जोड इपॉक्सी या गोंदाचा असतो. तिथे तापलेलं भांडं नको, आणि कापणारा कारागीर हे साहित्य हाताळलेला हवा.

अॅक्रिलिकच्या सॉलिड सरफेसला (प्लास्टिकच्या सलग ओट्याला) गरम भांडं अजिबात चालत नाही, मात्र वरवरचा करपलेला डाग घासून काढता येतो. लॅमिनेटचा फुगवटा ताजा असेल, तर जाड कापड ठेवून कोमट इस्त्री फिरवून दाबल्यावर कधी कधी बसतो. करपलेला थर बदलावाच लागतो. स्टेनलेस स्टील जळत नाही, फार तर निळसर-सोनेरी छटा येते.

हॉबसाठीची (ओट्यात बसवायच्या शेगडीसाठीची) जागा चौकोनी कापणं

पुष्कळसे तडे इथून सुरू होतात, आणि दोष दगडाला दिला जातो. कापाचे आतले कोपरे काटकोनी असतील तर सगळा ताण तिथेच साठतो. ते गोलाई देऊनच कापले पाहिजेत. हॉबच्या पुढची आणि मागची पट्टी फार अरुंद ठेवू नका, स्लॅबचा सांधा तिथे आणू नका, आणि हॉब व दगड यांच्यामध्ये प्रसरणाला जागा सोडा. बर्नरपेक्षा फार रुंद भांडं वापरलं, तर गरम हवा बाजूच्या ओट्यावर आणि मागच्या भिंतीवर जाते, हेही मांडणी ठरवताना लक्षात घ्या.

स्लॅब ठरवण्याआधी त्याच मालाचा कापलेला तुकडा मागून घ्या. त्यावर कोरडा तापवलेला तवा दहा मिनिटं ठेवा, तुकडा आपोआप निवू द्या, पुसा आणि तिरक्या उजेडात बघा. कापण्याचं माप मात्र छापील आकृतीवरून देऊ नका. हॉब आधी घरी आणा, आणि कारागिराने तो बघूनच खूण करावी.