१ जीबी रॅमवर जावा: मध्येच बंद पडणारं बिलिंग कसं सुरळीत केलं

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानाचं बिलिंग टॉमकॅटवर (जावा प्रोग्रॅम चालवणारं सर्व्हर सॉफ्टवेअर) चालतं. लिनक्स सर्व्हर छोटा, रॅम १ जीबी. सौदे निघाले, पट्ट्या करायची घाई झाली की नेमका तेव्हाच प्रोग्रॅम बंद. शेतकरी पट्टीसाठी खोळंबून उभे, हे बघवत नव्हतं.

टॉमकॅटच्या लॉगमध्ये एकही एरर नव्हती. खरा धागा तोच. हीप (जावा प्रोग्रॅमचा डेटा राहतो तो मेमरीचा भाग) भरली असती, तर 'आउट ऑफ मेमरी' लॉगमध्ये उमटलं असतं. म्हणून डीमेसेज (लिनक्सच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नलचा लॉग) पाहिला: कर्नलच्या ओओएम किलरने (मेमरी संपली की एखादी प्रोसेस बंद करणारी यंत्रणा) जावाची प्रोसेस मारलेली.

आधीच्या माणसाने एक्सएमएक्स (हीपची कमाल मर्यादा ठरवणारं सेटिंग) १ जीबी दिलं होतं. पण ही मर्यादा फक्त हीपची. मेटास्पेस (जावा क्लासची माहिती ठेवायची जागा), कंपाइल झालेला कोड, प्रत्येक थ्रेडचा, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या प्रत्येक कामाचा स्टॅक (त्याची स्वतःची मेमरी, ६४ बिट लिनक्सवर सहसा १ एमबी) हे सगळं त्यावर. शिवाय डेटाबेस त्याच मशीनवर! सेटिंग काढून टाकावं, तर जावा साधारण पाव रॅम, म्हणजे २५६ एमबी हीप घेते. इथे ती अपुरी.

शेवटी एक्सएमएक्स ४०० एमबी केलं, मेटास्पेसला १२८ एमबीची कमाल घातली, टॉमकॅटचे थ्रेड २०० वरून ३० वर आणले. १ जीबीची स्वॅप फाइलही (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) जोडली, पण अडीअडचणीपुरतीच. हीप स्वॅपमध्ये गेली की गार्बेज कलेक्शन (नको असलेल्या डेटाची सफाई) रखडतं, म्हणून स्वॅपीनेस (कर्नलने स्वॅपकडे किती वळायचं तो आकडा) १० ठेवलं. ओओएम किलर पुन्हा आलेला नाही.

तुम्ही मेमरी तपासाल तेव्हा फ्री या कमांडमधला 'अव्हेलेबल'चा आकडा बघा, 'फ्री'चा नको. लिनक्स मोकळी रॅम कॅशसाठी (डिस्कवरचा डेटा तात्पुरता ठेवायला) वापरतं, त्यामुळे 'फ्री'चा आकडा नेहमी कमीच दिसतो.