खेळाच्या संघाचं स्मृतिचित्र कसं काढावं: आधी काठी, मग हात, चेहरे शेवटी

दोन वर्षांपूर्वी अमेरिकेतून भाचीचा फोन आला. "मावशी, आमच्या कॉलेजच्या लॅक्रॉस टीमचं चित्र काढशील? जुन्या मुली मिळून पैसे जमवतायत. क्लबरूमच्या भिंतीवर लावायचंय." मी बडोद्याच्या दांडिया बाजारात राहते. शाळेत ३१ वर्षं चित्रकला शिकवली, निवृत्त झाल्यावर दोन व्यायामशाळांची आणि एका खो-खो संघाची स्मृतिचित्रं काढली. लॅक्रॉस, म्हणजे टोकाला जाळं असलेल्या काठीने चेंडू झेलायचा-फेकायचा खेळ, मी कधी पाहिलाही नव्हता. तरी हो म्हटलं, कारण असं चित्र कुठून सुरू करायचं एवढं मला त्या खो-खोच्या चित्राने शिकवलं होतं.

खो-खोच्या वेळी मी चेहऱ्यांपासून सुरुवात केली होती. खेळाडूंचे फोटो मागवले, एकेक चेहरा नीट उतरवला, महिनाभर खपले. चित्र बघायला जुने प्रशिक्षक आले. बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, खांब कुठंय?" दोन्ही खांब मी काढलेच नव्हते. ज्या लाकडाला धरून त्या मुलींनी वळसे घेतले, तळव्यांची सालं काढून घेतली, तेच चित्रात नव्हतं. तेव्हापासून मी आधी वस्तू मागते. फोटो नंतर.

वस्तू मागवा, मोजून मागवा

संघाकडे जे जुनं सामान असेल ते सगळं पट्टी शेजारी ठेवून, तीन बाजूंनी टिपून मागवा. भाचीने क्लबरूममधल्या तीन काठ्यांचे फोटो पाठवले. सर्वांत जुनी लाकडाची. लॅक्रॉसची पारंपरिक काठी हिकरी झाडाच्या लाकडाची असते. लाकूड वाफेवर वाकवून त्याचं टोक आकड्यासारखं वळवतात आणि त्या आकड्यात कातड्याच्या पट्ट्यांचं जाळं विणतात. एका बाजूला लाकूड, दुसऱ्या बाजूला पट्ट्यांची भिंत, म्हणजे काठीला डावं-उजवं असतं. प्लॅस्टिकच्या डोक्याच्या काठ्या १९७० नंतर आल्या, त्या दोन्हीकडून सारख्या. एवढ्या एका गोष्टीवरून चित्रातली मुलगी कोणत्या काळातली ते ओळखू येतं, आणि फोटो उलटा छापलाय का तेही. मला आलेला एक फोटो उलटाच होता. स्कॅन करणाऱ्याने निगेटिव्ह पालथी ठेवली असणार. जर्सीवर आकडा नव्हता, पण लाकडाची बाजू भलतीकडे होती.

माझी स्वतःची चूक जाळ्यात झाली. चेंडू छान खोल बसलेला दिसावा म्हणून मी जाळ्याला चांगला झोळ दिला. कच्चं चित्र पाहून भाची लगेच म्हणाली, "मावशी, ही मुलग्यांची काठी झाली." पुरुषांच्या खेळात अंगाला भिडायची मुभा असते, म्हणून शिरस्त्राण, जाड हातमोजे आणि खोल जाळं. मुलींच्या खेळात तशी धडक चालत नाही. त्यांचं जाळं उथळ असतं, चेंडूचा माथा काठीच्या कडेच्या वर दिसलाच पाहिजे असा नियम आहे. तारेचे चष्मे कॉलेजच्या मुलींना सक्तीचे झाले ते २००५च्या सुमारास. त्याआधीच्या मुलींचे डोळे उघडे, अंगात आखूड चुणीदार स्कर्ट. या गोष्टी मला कोणी आपणहून सांगितल्या नसत्या, कारण खेळणाऱ्याला त्या सांगण्यासारख्या वाटतच नाहीत. म्हणून कच्चं चित्र प्रत्यक्ष खेळलेल्या माणसाला दाखवल्याशिवाय कॅनव्हासला हात लावू नका.

वारशाचा प्रश्न इथेच येतो. हा खेळ मुळात उत्तर अमेरिकेतल्या मूळनिवासींचा, त्यांत होडेनोशोनी लोकांचं नाव आधी घ्यावं लागतं. नाव फ्रेंचांनी दिलं, नियम १८६७ साली माँट्रियलच्या विल्यम जॉर्ज बिअर्सने लिहून काढले. मुलींचा पहिला सामना १८९० साली स्कॉटलंडच्या सेंट लेनर्ड्स शाळेत झाला आणि तिथे शिकलेल्या रोझाबेल सिंक्लेअर यांनी १९२६ साली बाल्टिमोरच्या ब्रिन मॉर शाळेत तो सुरू केला. हे सगळं चित्रात कुठे घालायचं? पैसे जमवणाऱ्या जुन्या मुलींच्या समितीतल्या एकीने सुचवलं की कोपऱ्यात पिसांचा टोप घातलेला माणूस काढा. मी नाही म्हटलं. ज्यांचा खेळ आहे त्यांना न विचारता त्यांचं सोंग आपण का काढायचं? त्याऐवजी लाकडी काठी चित्राच्या सर्वांत पुढे, खालच्या कडेला, गवतावर आडवी ठेवली. तिचे रेषे, वाकवलेल्या जागी पडलेली फिकट छटा, पट्ट्यांच्या गाठी, यांवर मी नऊ दिवस घालवले. बाकी अख्ख्या गवतावर चार.

हात

न पाहिलेल्या खेळाची हालचाल फोटोवरून उचलू नका, ती गोठलेलीच दिसते. मुलींची काठी साधारण ३६ ते ४३ इंचांची असते. मी ४२ इंचांचा बांबू कापून घेतला, टोकाला तारेचं कडं बांधून जुनी जाळी शिवली, आत रबरी चेंडू टाकला. शेजारची मुलगी मल्लखांब करते. तिला संध्याकाळी पाचला अगाशीवर बोलावून भाचीला व्हिडिओ कॉल लावला. धावताना चेंडू पडू नये म्हणून मनगट सतत आत-बाहेर झुलवतात, त्याला पाळणा झुलवणं याच अर्थाचा शब्द आहे. शेजारणीला ते दहा मिनिटांत जमलं, आणि मला कळलं की दोन्ही हातांची पकड सारखी नसते. फोटोत दोन्ही मुठी सारख्याच दिसत होत्या. त्या संध्याकाळी पेन्सिलीने चाळीसेक मनगटं काढली. तुम्हीही निदान तेवढी काढा. मनगट साधलं की खांदा आपोआप जागेवर बसतो.

मांडणी

रांगेत उभा संघ हा फोटोचा विषय आहे, चित्राचा नाही. ढगांत तरंगणारे चेहरेही मला नको असतात. एक क्षण निवडा, आणि वेगवेगळ्या काळातल्या माणसांना त्याच क्षणात उभं करा. मी खेळ सुरू होण्याचा क्षण घेतला: मधल्या वर्तुळात दोघीजणी काठ्या आडव्या धरून जाळ्यांची पाठ एकमेकींना लावतात, त्यांच्यामध्ये चेंडू दाबलेला असतो, शिट्टी झाली की काठ्या वर उचलून तो उडवतात. भोवती बाकीच्या टपून उभ्या.

इतकी माणसं एका चौकटीत गर्दी न वाटता कशी बसवायची याचे धडे आपल्या बडोद्यातच आहेत. कीर्तिमंदिरात नंदलाल बोस यांचं महाभारत युद्धाचं भित्तिचित्र आहे. ती वास्तूच मुळात गायकवाड घराण्याचं स्मारक, म्हणून स्मृतिचित्र काढणाऱ्याने तिथे जावंच. कोण लढतंय हे बघू नका, मोकळी जागा कुठे ठेवलीय ते बघा. दुसरा धडा रावपुऱ्यातला तांबेकर वाडा. १९व्या शतकातल्या त्या चित्रांत माणसं वीतभर असूनही प्रत्येकाच्या हातात काहीतरी काम आहे. मी दोन्हीकडे वही घेऊन गेले. माझ्या वर्तुळाच्या आत त्या दोघींखेरीज कोणी नाही, ते तिथूनच आलं.

विजेतेपदांची सालं कॅनव्हासवर लिहा असा आग्रह हमखास होतो. लिहू नका. आकडे पितळी पाटीवर शोभतात. १९४७ साली इथेच रणजीच्या अंतिम सामन्यात विजय हजारे आणि गुल महंमद यांनी होळकर संघाविरुद्ध ५७७ धावांची भागीदारी केली. तो आकडा कोणीही कुठेही लिहील. चित्रकाराने त्या दोघांच्या दमलेल्या पोटऱ्या दाखवाव्यात.

कच्चं चित्र १० बाय ६ इंचांचं, कॅनव्हास ६० बाय ३६. कागदावर एकेक इंचाच्या ६० चौकटी, कॅनव्हासवर सहा-सहा इंचांच्या तेवढ्याच. कॅनव्हासवर शिसपेन्सिलीने रेघा ओढू नका, फिकट रंगातून त्या वर दिसत राहतात. मी खडूत घोळवलेला दोरा ताणून टिचकी मारते. ओल्या फडक्याने जातं.

रंग

तैलरंग माझे लाडके, पण हे चित्र गुंडाळून विमानाने जाणार होतं आणि पावसाळा तोंडावर होता, म्हणून अॅक्रिलिक घेतले. बडोद्याच्या मे महिन्यात ते तबकडीवरच वाळतात. पसरट डब्यात ओलं फडकं, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग, असं ठेवलं तर दुपार निभते.

संघाचा रंग जुन्या फोटोवरून कधीच घेऊ नका. जुन्या रंगीत फोटोतली निळाई आधी उडते आणि सगळंच तांबूस होतं. मी जर्सीचा एक तुकडा पोस्टाने मागवला. तुकड्यावरून कळलं की ज्याला मी विटकरी समजत होते तो गडद मरून होता: क्रिमसनमध्ये बर्न्ट अंबर आणि चिमूटभर अल्ट्रामरीन. झाडांचंही तसंच. मी मागे हिरवीगार झाडी काढली होती. भाची म्हणाली, सीझन फेब्रुवारीत सुरू होतो, मार्चमध्येही झाडांना पान नसतं. झाडं पुसून काटक्या काढल्या, आकाश राखाडी केलं, आणि मरून रंग एकदम जिवंत झाला.

चेहरे

आता चेहरे. ज्यांचा चेहरा काढायचा त्यांची, हयात नसतील तर घरच्यांची लेखी संमती घ्या. कोण समोर, कोण मागे हे समितीवर सोडू नका. मंजुरी देणारी व्यक्तीही एकच ठरवून घ्या. पैशांचे तीन भाग करा, आणि पहिला भाग कच्च्या चित्राच्या मंजुरीबरोबर हातात घ्या.

गुंडाळणं आणि किल्ली

वार्निश पूर्ण वाळल्यावर चित्र गुंडाळायचं ते रंगाची बाजू बाहेर ठेवून. आत ठेवली तर थर दाबून सुरकुततो. सहा इंच व्यासाचा पीव्हीसी पाइप हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. रंगावर प्लॅस्टिक लावू नका, उन्हाळ्यात अॅक्रिलिक त्याला चिकटतं. सिलिकॉन लावलेला कागद घ्या. आणि मिळणाऱ्याला बजावा की थंडीत पोचलं तर लगेच उलगडायचं नाही. गारठलेलं अॅक्रिलिक ठिसूळ होतं. एक दिवस उबदार खोलीत राहू द्यावं.

सोबत किल्ली पाठवा, म्हणजे चित्राचं नुसत्या बाह्यरेषांचं छोटं रेखाटन, प्रत्येकीवर क्रमांक आणि खाली नावं. ती चित्राशेजारी टांगतात. किल्ली वेगळ्या कागदावरच हवी, कॅनव्हासच्या मागे नको. माझ्या चित्रात १४ क्रमांकाची मुलगी एका जुन्या संघाच्या फोटोतून आली होती. मागच्या रांगेत, काठी छातीशी धरलेली, नाव कोणालाच आठवेना. समिती म्हणाली गाळून टाका. मी तिला ठेवलं, चेहरा थोडा वळवून काठीच्या सावलीत घेतला, आणि किल्लीत १४ पुढे रेघ मारून जागा सोडली. चित्र लागल्यावर पाच महिन्यांनी भाचीचा निरोप आला. एक बाई नातीचा हात धरून क्लबरूममध्ये आल्या, त्यांनी काठी धरायच्या पद्धतीवरून आपल्या बहिणीला ओळखलं. किल्लीचा कागद मी पुन्हा काढून पाठवला, यावेळी नाव घालून.