ब्रन्सविक, मेरीलँड : घर बघायच्या आधी गाव बघा

वॉशिंग्टनच्या आसपास नोकरी लागली आणि जर्मनटाऊन-गेथर्सबर्गकडच्या घरांच्या किमती ऐकून डोळे पांढरे झाले, की कुणीतरी हमखास ब्रन्सविकचं नाव काढतं. गाडी थेट वॉशिंग्टनच्या युनियन स्टेशनला जाते, घर तिकडच्यापेक्षा स्वस्त पडतं. दोन्ही खरं आहे. पण तेवढ्याच भांडवलावर आपले लोक घर घेऊन मोकळे होतात आणि पहिल्याच उन्हाळ्यात कुरकुर सुरू करतात. हे गाव माणसांच्या ये-जा करण्यासाठी वसवलेलं नाही, मालगाड्या फोडायला आणि जोडायला वसवलेलं आहे. तेवढं ध्यानात ठेवलंत तर पुढच्या निम्म्या तक्रारी उरणार नाहीत.

फ्रेडरिक काउंटीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, पोटोमॅक नदीच्या उत्तर काठावर हे गाव आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी आखलं गेलं तेव्हा नाव होतं बर्लिन. मेरीलँडमध्येच समुद्राकडे दुसरं बर्लिन असल्याने टपालाचा घोळ होई, म्हणून पोस्ट ऑफिसपुरतं नाव बॅरी. १८३४ च्या सुमारास चेसापीक-ओहायो कालवा आणि बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वे असे दोघेही इथून पुढे हार्पर्स फेरीपर्यंत पोचले. कॅटॉक्टिन डोंगर आणि नदी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत आधी कुणी जायचं यावरून दोघांचा वाद कोर्टापर्यंत गेला होता. गृहयुद्धात इथला पूल जळला, आणि १८६२ मध्ये अँटिएटमच्या व १८६३ मध्ये गेटिसबर्गच्या लढाईनंतर उत्तरेच्या फौजा इथूनच तराफ्यांच्या पुलावरून व्हर्जिनियात उतरल्या.

खरं गाव घडलं ते १८९० नंतर. पश्चिमेकडून कोळसा आणि माल घेऊन येणारा मार्ग इथून काही मैल खाली पॉइंट ऑफ रॉक्सला दुभंगतो : एक फाटा बाल्टिमोरला, दुसरा १८७३ मध्ये सुरू झालेला वॉशिंग्टनचा. म्हणजे दुभंगायच्या आधी डबे वेगळे करायला मोठं यार्ड हवं, आणि त्यासाठी लांबलचक सपाट जमीन हवी. डोंगराळ भागात ती मिळाली फक्त इथे, नदीकाठी. रेल्वेने यार्ड टाकलं, गावाचं नाव बदलून ब्रन्सविक केलं, आणि काहीशे वस्तीचं खेडं २० वर्षांत काही हजारांवर गेलं. भुसावळ, मनमाड, दौंडकडच्या मंडळींना हे वेगळं समजावून सांगायला नको. वाफेच्या इंजिनांना कोळसा, पाणी, बॉयलर धुणं, रोजची डागडुजी लागे, त्यावर शेकडो घरं चालत. १९५० च्या दशकात डिझेल इंजिनं आली आणि त्या हातांचं काम संपलं. रूळ मात्र आजही गजबजलेले आहेत. ते आता सीएसएक्स या मालवाहू रेल्वे कंपनीच्या मालकीचे आहेत, आणि मार्क या सरकारी लोकल गाड्या त्यांवरून पाहुण्यासारख्या धावतात.

आता घर. नदीकडून वर चढत गेलात तर क्रम असा : नदी, कालवा, रूळ, पोटोमॅक स्ट्रीट, मग एकदम उभा चढ, आणि सगळ्यात वर माळावरची नवी वसाहत, ब्रन्सविक क्रॉसिंग. आपले बहुतेक लोक थेट वरच्या वसाहतीत घर घेतात, कारण तिथे आधीच चार ओळखीचे असतात. घर नवं, भिंती सरळ, पण स्टेशनला पायी जायचं म्हटलं तर परतीचा चढ रोज संध्याकाळी अंगावर येतो, आणि जानेवारीत बर्फ पडल्यावर पायी जायचं नाव काढू नये. आधीच्यांच्या मागोमाग जायचं तर निदान हा चढ एकदा स्वतः चालून बघा.

खालची जुनी घरं लाकडी चौकटीची, रेल्वे कामगारांसाठी बांधलेली. किंमत कमी दिसते, पण त्यात पुढची चार कामं धरा. जुनं वायरिंग : इन्स्पेक्टरला पॅनेलबरोबर माळाही उघडून बघायला सांगा, नाहीतर विमा कंपनी नंतर अडवते. गरम करायची व्यवस्था तेलावर असेल तर टाकी कुठे आहे, जमिनीखाली पुरलेली तर नाही ना, हे लेखी घ्या. जमिनीतली टाकी गळली तर माती काढायचा खर्च तुमच्या गळ्यात पडतो. रंग : १९७८ पूर्वीच्या घरात शिशाचा रंग असण्याची शक्यता धरूनच चाला. भाड्याने घेत असाल तर मेरीलँडमध्ये अशा घराची नोंदणी आणि शिशाच्या तपासणीचा दाखला घरमालकाकडे असावाच लागतो. घरात रांगतं मूल असेल तर दाखला हातात आल्याशिवाय सही करू नका. आणि तळघर. चढावरचं पावसाचं पाणी भिंतीतून खाली उतरतं. भिंतीच्या तळाशी पांढरी खारट पूड दिसली, किंवा नवा रंग फक्त खालच्या दोन फुटांतच दिसला, की समजा पाणी येतं. सम्प पंप (तळघरातलं पाणी बाहेर टाकणारा) असेल तर त्याला बॅटरीची जोड आहे का ते बघा, कारण वादळात वीज जाते नेमकी तेव्हाच पंप लागतो.

पुराबद्दल दोन टोकं ऐकायला मिळतात. 'गाव उंचावर आहे, काही होत नाही' आणि 'नदीकाठ आहे, नकोच'. दोन्ही अर्धवट. पॉइंट ऑफ रॉक्सच्या नदीपातळी मापकावर पूररेषा १६ फूट आहे आणि मार्च १९३६ मध्ये पाणी ४१ फुटांवर गेलं होतं. १८८९, १९२४, १९७२ ही सालंही इथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी असतात. पाण्यात आधी जातं ते कालव्यालगतचं कॅम्पग्राउंड आणि बोटींचा धक्का, मग रुळांकडचा भाग. घराचा पत्ता फेमा या केंद्र सरकारच्या आपत्ती-यंत्रणेच्या पूरनकाशावर स्वतः तपासा, एजंटच्या तोंडी भरवशावर राहू नका. घराच्या साध्या विम्यात पूर येत नाही, आणि सरकारी पूरविमा काढल्यापासून सहसा ३० दिवसांनी लागू होतो. म्हणजे वादळाची बातमी आल्यावर पळापळ करून उपयोग शून्य.

घर बघायला रविवारी दुपारी जाऊ नका. तेव्हा हे गाव फार गोड दिसतं. आठवड्यातल्या एका रात्री अकरा वाजता जा, खिडकी उघडी ठेवून तासभर बसा. मेपल अॅव्हेन्यूच्या फाटकाआधी प्रत्येक गाडी दोन लांब, एक आखूड आणि एक लांब भोंगा देते. हा नियम देशभराचा आहे, गावात कुणाकडे तक्रार करून थांबत नाही. शंटिंगमध्ये डबे जोडताना होणारा आवाज वेगळा : आधी दूरवर खडाखडा, मग एकदम धाड. काहींना महिन्याभरात ऐकू येईनासा होतो, काहींना कधीच नाही. तुम्ही कुठल्या जातीचे ते घर घ्यायच्या आधी कळलेलं बरं.

गाडीबद्दल मात्र नीट वाचा, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडतात. मार्कची ब्रन्सविक लाइन फक्त सोमवार ते शुक्रवार चालते. सकाळी वॉशिंग्टनकडे, परतीच्या गाड्या दुपारनंतर आणि संध्याकाळी. शनिवार-रविवार काही नाही. उलट दिशेला सकाळी ब्रन्सविककडे यायचं म्हणाल तर गाडी नाही. रात्री उशिराची मीटिंग संपवून शेवटची गाडी चुकली तर मेट्रोची रेड लाइन तुम्हाला शेडी ग्रोव्हपर्यंत आणते, पुढे टॅक्सी, आणि तिचं बिल बघून झोप लागत नाही. संध्याकाळी फलाटावर डब्यावरची पाटी वाचूनच चढा : काही गाड्या पॉइंट ऑफ रॉक्सजवळून वळून फ्रेडरिकला जातात. अॅमट्रॅक या राष्ट्रीय प्रवासी रेल्वेची लांब पल्ल्याची गाडी गावातून जाते पण थांबत नाही, ती हार्पर्स फेरीला थांबते. आणि जुलै-ऑगस्टच्या कडक दुपारी रूळ तापून वाकायची भीती असते म्हणून सीएसएक्स वेग कमी करते, कधी ताशी २० मैलांनी. त्या दिवशी मुलांना डेकेअरमधून आणायला दुसरं माणूस हाताशी ठेवा. उशिरा पोचलात तर डेकेअर मिनिटाच्या हिशेबाने पैसे लावतं, रूळ तापले हे कारण चालत नाही. तेव्हा आठवड्यातून तीन दिवस ऑफिस आणि ठरलेल्या वेळा, असं असेल तरच गाडीच्या भरवशावर घर घ्या. दोघांची नोकरी असेल तर घरातली एक मोटार विकून टाकायचा विचार पहिल्या वर्षी तरी नको.

व्हर्जिनियात, म्हणजे लाउडन काउंटीकडे नोकरी असेल तर गावातूनच १७ नंबरच्या रस्त्याचा पूल ओलांडून लव्हेट्सव्हिलला जाता येतं. लीसबर्गकडे जाणारे बरेचजण मात्र १५ नंबरचा पॉइंट ऑफ रॉक्सचा पूल धरतात आणि सकाळी तिथे अडकतात. दोन्ही रस्ते एकेकदा चालवून बघा. आणि पहिल्याच दिवशी कंपनीच्या एचआरला व्हीए-४ फॉर्मवर मेरीलँडचे रहिवासी असल्याची सूट लिहून द्या. दोन राज्यांचा करार आहे, पगारावरचा कर राहत्या राज्यातच भरायचा. नाही दिलीत तर वर्षभर व्हर्जिनियाचा कर कापला जातो, एप्रिलमध्ये मेरीलँड आणि काउंटीचा मिळून सगळा कर एकदम भरावा लागतो, आणि व्हर्जिनियाकडून आपलेच पैसे ७६३-एस फॉर्म भरून मागत बसावं लागतं.

किराणा, डाळी-पिठं फ्रेडरिक किंवा अॅशबर्नकडे. मोठं हॉस्पिटल फ्रेडरिकला. गणपती-दिवाळीचे कार्यक्रम मराठी कला मंडळाचे, पण ते बहुतेक वॉशिंग्टनच्या जवळ होतात, तेव्हा येण्याजाण्याचे दोन तास धरून ठेवा.

रूळ ओलांडून कालव्याकडे जाताना फाटकानेच जा. यार्डात ढकलत आणलेले डबे इंजिनाच्या पुढे असतात आणि आवाजाशिवाय येतात. मुलांना हे घरात येण्याच्या पहिल्या आठवड्यातच सांगा. कालव्याच्या कडेची वाट जॉर्जटाऊनपासून कंबरलंडपर्यंत १८४.५ मैल आहे, ब्रन्सविक साधारण ५५ व्या मैलावर, लॉक ३० (बोटी वर-खाली करायचा कालव्याचा दरवाजा) तिथेच. नदीत पोहू नका. वरून संथ दिसते, खाली ओढ असते.

शेजारी बरेचसे रेल्वेतून निवृत्त झालेल्यांच्या घरचे. हायस्कूलच्या संघांचं नावही रेलरोडर्स. ऑक्टोबरच्या सुरुवातीला रेलरोड डेज असतात, तेव्हा पोटोमॅक स्ट्रीटवरचं संग्रहालय बघा. वरच्या मजल्यावर ब्रन्सविकपासून युनियन स्टेशनपर्यंतचा मार्ग लहान प्रतिकृतीत मांडलेला आहे. तिथल्या स्वयंसेवकांना यार्डाबद्दल एक प्रश्न विचारा आणि अर्धा तास मोकळा ठेवा. प्लंबर कोणता चांगला, कुठल्या गल्लीत पाणी शिरतं, हेही तिथेच कळतं.