प्लेबॅकमध्ये आवाज फाटतोय? आधी एक्सपोर्ट करून ऐका

रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक वाजवताना आवाज फाटत असेल, तर स्पीकरवर संशय घेण्याआधी खराब वाजणारा भाग एक्सपोर्ट करा (वेगळी ऑडिओ फाइल म्हणून काढा) आणि ऑडिओ इंटरफेसला (माइक-हेडफोन संगणकाला जोडणाऱ्या उपकरणाला) लावलेल्या त्याच हेडफोनवर साध्या प्लेअरमधून ऐका. फाइल स्वच्छ वाजली तर बहुतेक वेळा प्रोसेसरला वेळ पुरत नसतो: सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये बफर (प्रोसेसर एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) १२८ वरून ५१२ किंवा १०२४ सॅम्पल करा. मिक्सिंगमध्ये लेटन्सी (आवाज ऐकू येण्यातला उशीर) वाढली तरी बिघडत नाही. फाइलमध्येही चरचर असेल, तर मास्टरचा (सगळे ट्रॅक एकत्र येतात त्या मुख्य चॅनेलचा) मीटर ० डीबी ओलांडतोय का पाहा. ओलांडत नसेल, तर प्लगइन (आवाजावर प्रक्रिया करणारे जोड-प्रोग्राम) एकेक करून बंद करा. ठरावीक पातळीवर चालणारे प्लगइन जास्त सिग्नल मिळाला की आतच आवाज फाडतात. आणि मूळ रेकॉर्डिंगच्या वेव्हफॉर्मचेच (आवाजाच्या आलेखाचेच) माथे सपाट कापलेले दिसले, तर प्रीअँपचा (माइकचा सिग्नल वाढवणाऱ्या भागाचा) गेन उतरवून, पीक (सर्वांत मोठ्या आवाजाची पातळी) −१२ ते −६ डीबीत ठेवून पुन्हा रेकॉर्ड करणंच उत्तम.