गिटारचा आवाज फाटतोय? रेकॉर्ड दाबायच्या आधी हे बघून घ्या

सगळ्यात आधी गिटार कशालाही न जोडता जोरात वाजवून बघा. जाड तार फ्रेटला घासून झणझणत असेल तर ती झणझण रेकॉर्डिंगमध्येही येणार, आणि ॲम्प सिममधून (खऱ्या ॲम्पची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) गेली की ती अगदी फाटलेल्या आवाजासारखी लागते, मग लोक तासन्‌तास प्लगिन (रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधले जोड-इफेक्ट) बदलत बसतात.

मग बॅटरी. ॲकॉस्टिकमध्ये प्रीॲम्प असेल किंवा इलेक्ट्रिकमध्ये ॲक्टिव्ह पिकअप असतील तर आत बहुतेक ९ व्होल्टची बॅटरी असते. माझ्या दोन संध्याकाळी यात गेल्यात, गेन (आत येणारा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा नॉब) कमी केला, केबल बदलली, ड्रायव्हर परत टाकला, तरी स्ट्रमिंग जोरात केलं की आवाज चिरकायचा आणि हळू वाजवलं की एकदम स्वच्छ. बॅटरी उतरली की असंच होतं, मोठ्या आवाजाला जागाच उरत नाही. नवी टाका, आणि वाजवून झालं की जॅक काढून ठेवा, कारण जॅक आत असेपर्यंत बॅटरी खर्च होत राहते.

आता केबल कुठे लावताय ते बघा. साधी इलेक्ट्रिक थेट इंटरफेसला (गिटार लॅपटॉपला जोडणाऱ्या डब्याला) लावताय तर इन्स्ट किंवा हाय-झेडचं (थेट गिटारसाठीचं) बटण चालू हवं, नाहीतर आवाज बोथट येतो. उलट मल्टी-इफेक्ट्सचं आउटपुट तसं जोरदार असतं, ते इन्स्टमध्ये घातलं की फाटतं, त्याला लाइन इनपुट द्या. इंटरफेसच नसेल आणि लॅपटॉपच्या माइकच्या भोकात लावत असाल तर ते भोक हेडसेटच्या बारीकशा सिग्नलसाठी असतं हे लक्षात ठेवा, विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये मायक्रोफोन बूस्ट +२० किंवा +३० डीबीवर असेल तर शून्यावर आणा आणि आवाज 'सुधारणारे' सगळे पर्याय बंद करा. आणि ॲम्पचं स्पीकर आउटपुट इंटरफेसला कधीच लावू नका, इंटरफेस जळू शकतो.

गेनला मात्र नीट वेळ द्या, बहुतेक घोळ इथेच असतो. गेन लावताना आपण सवयीने हळूच दोन कॉर्ड छेडतो आणि रेकॉर्डिंग सुरू झालं की जोशात दुप्पट जोरात वाजवतो, म्हणून गाण्यातला सगळ्यात जोरदार भाग पूर्ण ताकदीने वाजवा आणि मीटरचं टोक उणे १२ ते उणे १० डीबीच्या आसपास राहील एवढाच गेन ठेवा. कमी वाटेल, वाटू दे. २४ बिटवर (ही रेकॉर्डिंगची बारकाई ठरवणारी सेटिंग) रेकॉर्ड करताना लाल रेषेपर्यंत न्यायची काहीच गरज नसते, कमी पडलं तर नंतर वाढवता येतं. गेन शून्यावर असूनही लाल दिवा लागत असेल तर पॅडचं (आत येणारा सिग्नल कमी करणारं) बटण आहे का बघा, नाहीतर गिटारचा व्हॉल्यूम ७-८ वर आणा, आणि पिकअप तारांना फारच जवळ असतील तर स्क्रू अर्धा फेरा फिरवून खाली घ्या.

एक टेस्ट टेक घेऊन वेव्हफॉर्म खूप झूम करा. टोकं गोल असतील तर इनपुट ठीक आहे, सुरीने कापल्यासारखी सपाट असतील तर सिग्नल आत येतानाच क्लिप झालाय, म्हणजे मर्यादेबाहेर जाऊन छाटला गेलाय. मग फेडर (ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करणारी पट्टी) कितीही खाली ओढा, तीच सपाट टोकं फक्त लहान दिसतील, टेक परतच घ्यावा लागतो.

टोकं गोल आहेत आणि तरी फाटतंय? मग सगळे प्लगिन बायपास करा आणि एकेक चालू करत जा, ॲम्प सिमचा स्वतःचा इनपुट गेन आधी बघा. दुसरा हेडफोनही लावून बघा, कधीकधी रेकॉर्डिंग चांगलं असतं आणि फाटत हेडफोन असतो.

आवाज जोराने वाजवल्यावर न फाटता मधूनच कुठेही टकटक, खरखर करत असेल तर गेनला हात लावू नका, ते काम बफरचं, म्हणजे लॅपटॉप आवाज थोडा थोडा साठवून पुढे पाठवतो त्या साठ्याचं. ६४ सॅम्पल असेल तर २५६ किंवा ५१२ करा, इंटरफेस आणि प्रोजेक्टचा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे ते) एकच ठेवा, ४४.१ किलोहर्ट्झ तर दोन्हीकडे ४४.१, आणि यूएसबी हब काढून केबल थेट लॅपटॉपला लावा. बफर वाढला की स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येतो, त्यासाठी डायरेक्ट मॉनिटरिंग (लॅपटॉपमध्ये न जाता इंटरफेसमधूनच आवाज ऐकणं) चालू करा.

माइकने ॲकॉस्टिक घेणार असाल तर माइक बाराव्या फ्रेटसमोर वीतभर लांब ठेवा, साउंडहोलच्या तोंडाशी नको, तिथे खर्ज घुमतो आणि मीटर उगाच लाल होतो.

सगळं जमलं की गेनच्या नॉबवर पेन्सिलने खूण करून ठेवा, आणि शेवटी एमपीथ्री काढताना मास्टरचं (सगळ्या ट्रॅकच्या एकत्र आवाजाचं) टोक उणे १ डीबीच्या वर जाऊ देऊ नका, कारण त्या कन्व्हर्जनमध्ये टोकं थोडी वर सरकतात आणि इतकं सांभाळलेला टेक तिथे फाटतो.